पेडण्याचा हिशेब

बांदा मागे टाकून पत्रादेवीच्या वळणावर आलो की जमिनीचा तांबडा रंग तोच राहतो, माडांची आणि काजूंची दाटी तीच राहते, माणसांच्या बोलण्यातला हेलसुद्धा कोसभर तरी बदलत नाही, आणि तरीही 1961 पर्यंत या जागी परक्या राज्याची सरहद्द होती व ती ओलांडणाऱ्याच्या छातीवर बंदूक रोखली जात असे, ही गोष्ट पूर्ण ठाऊक असूनही मला तेथे दर वेळी क्षणभर थबकावेसे वाटते. 1971 च्या डिसेंबरात मी त्या वाटेने गेलो तो गोवामुक्तीच्या दशवार्षिक सोहळ्यासाठी. जाता जाता डिचोली महालातील नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पाहावे, एवढाच माझा संकल्प होता. मला जुन्या देवळांची ओढ आहे आणि खाणींचा तिटकारा आहे, व डिचोलीत या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी नांदतात. परंतु त्या प्रवासातले माझ्यापाशी खरोखर उरले ते पेडण्यातल्या एका घरी काढलेली एक संध्याकाळ आणि तिच्यामागून आलेली रात्र.

यजमान एका मराठी शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक होते. सारा गाव त्यांना मास्तर म्हणे, म्हणून मीही तेच म्हणतो. भगवतीच्या देवळापुढचे दोन दगडी हत्ती पाहून मी त्यांच्या पडवीत टेकलो तो केवळ पाणी पिण्यासाठी. पण त्यांच्या घरच्या काकी दारात आल्या आणि "जेवल्याबगर वचपाचें ना" असे त्यांनी अशा सुरात सांगितले की, निघण्याची भाषा करणे मला अशिष्टपणाचे वाटले. उकड्या तांदळाचा भात, मुगागाठी, कैरीचे लोणचे आणि सोलकढी असे ते साधे जेवण होते; पण ओल्या नारळाचा इतका ताजा गोडवा मी पुढे कित्येक दिवस इतरत्र शोधत राहिलो.

जेवणानंतर मास्तरांनी ट्रान्झिस्टर लावला. पाकिस्तानशी युद्धाचे दिवस होते, बातम्यांच्या वेळी आळीतली पाचसात माणसे त्या पडवीत जमत, आणि यंत्रातील सेल उतरत चालल्यामुळे सारे जण मान पुढे करून, श्वास आवरून ऐकत. पंधरा तारखेची ती बुधवारची रात्र होती. अमेरिकेचे अणुशक्तीवर चालणारे 'एंटरप्राइज' हे विमानवाहू जहाज आपल्या ताफ्यासह बंगालच्या उपसागरात शिरल्याची वार्ता त्या क्षीण आवाजात आली, आणि कोणी काही बोलण्याच्या आतच सेल पूर्ण उतरून तो आवाज बंद झाला. मास्तरांनी मागची झडप उघडून चारही सेल काढले, सकाळी उन्हात ठेवण्यासाठी ते खिडकीच्या पट्टीवर ओळीने मांडले, आणि मग माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाले, "ही त्यांची दुसरी खेप."

मी त्या काळी, खरे सांगायचे तर, अमेरिकेचा मोठा चाहता होतो. परसत्तेचे जोखड झुगारून जे राष्ट्र जन्माला आले आणि ज्याने लिंकनसारखा पुरुष दिला, त्याच्याविषयी आपल्या देशात, विशेषतः स्वतःला समाजवादी म्हणवणाऱ्या मंडळीत, जो एक कायमचा आकस दिसे, तो मला पुस्तकी वाटत असे. अवाडीच्या अधिवेशनात 1955 च्या जानेवारीत काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला, तेव्हापासून भांडवलशाहीच्या राजधानीला नावे ठेवणे हा आपल्याकडे एक शिष्टाचारच होऊन बसला आहे, असे माझे मत होते. मास्तरांपुढे मी ते मांडलेही. त्यांनी ते सबंध ऐकून घेतले आणि आत जाऊन एक दफ्तर आणले.

दफ्तर म्हणजे गव्हाच्या रिकाम्या पोत्याची दोरीने बांधलेली घडी होती. कंदिलाच्या उजेडात तिच्यावरची छाप स्पष्ट दिसली: एक ढाल, आणि तिच्यावर एकमेकांत गुंतलेले दोन हात. मुक्तीनंतर रेशनवर आलेल्या अमेरिकन गव्हाचे ते पोते होते. "याचे पायपुसणे करायचे शेजाऱ्यांनी सुचवले होते," मास्तर म्हणाले. "मी म्हटले, यातून अन्न आले आहे, ते पायाखाली जाणार नाही. गहू पाठवणाऱ्याचे उपकार मी विसरत नाही." मग त्यांनी पोत्यातून जपून, दोन्ही हातांनी, वर्तमानपत्राचा एक तुकडा काढला. 1955 साली भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केल्यावर बाजारात हॉलंडचे बटाटे दिसत, मात्र बांद्याचा गूळ चोरवाटेनेच येई. अशाच एका ढेपेभोवती गुंडाळून मुंबईच्या वर्तमानपत्राचे हे अर्धे पान पेडण्यात पोचले होते. गुळाचा तपकिरी डाग मजकुरावरून आरपार गेला होता, पण अक्षरे लागत होती.

मजकूर त्या वर्षीच्या डिसेंबरातला होता. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतात फिरत होते व गोव्याच्या प्रश्नावर भारताची बाजू उघडपणे घेत होते. त्याला उत्तर म्हणून अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी 2 डिसेंबरला पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पाउलो कुन्या यांच्यासह एक संयुक्त निवेदन काढले आणि त्यात पोर्तुगालच्या पूर्वेकडील मुलखाला 'प्रांत' म्हटले. पुढे चारच दिवसांनी वार्ताहरांनी छेडले तेव्हा, गोवा सुमारे चारशे वर्षे पोर्तुगालचा आहे, असे सांगून त्यांनी तेच पुन्हा पक्के केले.

"चारशे वर्षे!" मास्तरांचा आवाज त्या रात्री तेवढ्या एकाच शब्दावर चढला. "तिसवाडी, बार्देस, साष्टीचे म्हणाल तर म्हणा. पण आमचा पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांचा. खेमसावंतांना कोल्हापूरकरांविरुद्ध मदत हवी होती, तेव्हा तहनामा होऊन तो 1788 साली फिरंग्यांच्या अंमलात गेला. डिचोली त्याआधी काही वर्षे गेली. म्हणून तर आम्हा सगळ्यांना नव्या काबिजादी म्हणतात. 1955 साली आमची किती वर्षे झाली होती? एकशे सदुसष्ट. चौथीच्या पोराने वजाबाकी चुकवली तर मी त्याला पुन्हा मांडायला लावीत असे. आणि 'प्रांत' हे नाव तरी केव्हाचे? 1951 साली लिस्बनने घटना दुरुस्त केली आणि कालपर्यंतची वसाहत कागदावर प्रांत झाली. तो चार वर्षांचा कागद या थोर राष्ट्राने प्रमाण मानला, आणि आम्हाला कोणी विचारलेदेखील नाही."

मी कारण सांगू लागलो. पोर्तुगाल 1949 पासून नाटोचा संस्थापक सदस्य होता आणि अॅझोर्स बेटांवरचा लाजेशचा विमानतळ अमेरिकेला हवा होता. मास्तर म्हणाले, "तेच तर. त्यांच्या तराजूच्या एका पारड्यात विमानतळ होता, दुसऱ्यात आम्ही होतो. आम्हाला मार्क्स कोणी शिकवला नाही, बाब. इथल्या कुळाला समाजवाद हा शब्द उच्चारतासुद्धा येत नव्हता. पण आपल्याला कोणीतरी तोलले आणि हलके ठरवले, हे त्याला न शिकवता कळते."

त्या निवेदनाआधी साडेतीन महिन्यांची, 15 ऑगस्ट 1955 ची हकीकत त्यांनी मग सांगितली. मास्तर तेव्हा तोरशाला बहिणीकडे होते. पाऊस थांबून थांबून पडत होता. निःशस्त्र सत्याग्रही घोषणा देत पत्रादेवीची हद्द ओलांडून आले आणि गोळ्यांचे आवाज झाडीतून घरापर्यंत पोचले. पंजाबातील इसरू गावचा कर्नेलसिंग तेथेच पडला; गोव्याच्या निरनिराळ्या सीमांवर मिळून त्या एका दिवसात वीसहून अधिक माणसे गेली. बहिणीने चूल विझवली व त्या दिवशी घरात कोणी जेवले नाही. "गोळी पोर्तुगिजांची होती," मास्तर म्हणाले, "तिचा राग पोर्तुगिजांवर. पण हे ताजे असताना ज्याने त्यांच्या हाताला हात लावून छायाचित्र काढले, त्याचा राग मी कोणावर धरू?" आणि त्यांनी पोत्यावरच्या त्या दोन हातांकडे पाहिले.

'दुसरी खेप' असे ते का म्हणाले, हे मला तेव्हा उमगले. 1961 च्या 18 डिसेंबरला, आपल्या फौजा गोव्यात शिरल्या त्याच दिवशी, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीत अमेरिकेच्या अॅडलाय स्टीव्हन्सन यांनी भारताला आक्रमक ठरवले. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान यांच्या ठरावाला सात मते पडली, विरुद्ध चार पडली, आणि सोव्हिएत प्रतिनिधी झोरिन यांच्या नकाराधिकाराने तो निकालात निघाला. त्याच्या एकच वर्ष आधी, 14 डिसेंबर 1960 ला, आमसभेत वसाहती मुक्त करण्याचा जाहीरनामा 89 विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला, तेव्हा जे नऊ देश तटस्थ राहिले त्यांत पोर्तुगालच्या रांगेत अमेरिकाही बसली होती. या आठवड्यात तोच देश सुरक्षा समितीत पुन्हा आपल्याविरुद्ध उभा होता, आपली मदत त्याने स्थगित केली होती, आणि आता आरमारही आले होते.

मी हंगेरीचे नाव काढले, प्रागचेही काढले. 1956 आणि 1968 साली सोव्हिएत रणगाड्यांनी जे केले त्याबद्दल आपण पुरेसे बोललो नाही, ही माझी जुनी वेदना आहे आणि ती मी लपवली नाही. मास्तर बराच वेळ गप्प राहिले. शेवटी म्हणाले, "बुडापेस्टचा मास्तर रशियाचे नाव घेऊन असाच बसलेला असेल. त्याचे त्याने सांगावे, ते खरेच असेल. माझ्या उंबऱ्यावर ज्याचा पाय पडला, तो मला आठवतो." या उत्तराने माझे समाधान झाले नाही, अजूनही झालेले नाही. पण ज्या आकसाला मी पुस्तकी म्हणत होतो, तो एका गुळाच्या डागात इतकी वर्षे जपलेला मी समोर पाहत होतो.

सकाळी निघालो तेव्हा सेल उन्हात होते. डिचोलीत खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ झाडांच्या पानांवर जाड बसलेली. सप्तकोटेश्वराचे दर्शन झाले, 1668 साली शिवछत्रपतींनी केलेल्या जीर्णोद्धाराच्या त्या वास्तूपुढे मी उभा राहिलो, पण मन तेथे लागेना. संध्याकाळी बाजारात ओरडा झाला: ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली होती. लोक एकमेकांना मिठ्या मारीत होते. मी त्या गर्दीतून एक दुकान गाठले, ट्रान्झिस्टरचे चार नवे सेल घेतले, आणि पेडण्याकडे निघालेल्या एका मोटारीच्या ड्रायव्हरच्या हाती, देवळाजवळच्या मास्तरांकडे आज रात्रीच्या बातम्यांआधी पोचवा, असे बजावून दिले.