तानसेन नव्हे, कानसेन

मंडळी, ज्यांची मुलं हायस्कूलच्या शेवटच्या दोन वर्षांत आहेत, त्यांच्यासाठी खास लिहितेय. बाकीच्यांनीही वाचा, तुमची वेळ येणारच आहे!

आपल्या डोक्यात प्रोड्यूसर म्हणजे सिनेमात पैसे घालणारा. त्यामुळे लेक जेव्हा म्हणाला, "आई, मला म्युझिक प्रोड्यूसर व्हायचंय," तेव्हा मी विचारलं, "पैसे कोण देणार?" तो हसला आणि म्हणाला, रिक रुबिन कोण ते वाच.

वाचलं. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत शिकणारा हा मुलगा १९८४ च्या सुमारास डॉर्मच्या खोलीतून डेफ जॅम हे रेकॉर्ड लेबल चालवत होता. (मला आधी फी भरणारे आईवडील आठवले. तुम्हालाही आठवले असतील.) १९८६ मध्ये त्याने रन-डीएमसी या रॅपवाल्यांना एरोस्मिथ या रॉक बँडसोबत एका गाण्यात आणलं. त्याच वर्षी बीस्टी बॉईज, आणि त्याच वर्षी स्लेयरचा कानठळ्या बसवणारा अल्बमही.

मला सगळ्यात आवडला तो जॉनी कॅशचा किस्सा. कंट्री संगीतातला हा मोठा गायक साठी ओलांडलेला, जुन्या कंपनीने केव्हाच सोडून दिलेला. रुबिनने त्याला आपल्या दिवाणखान्यात बसवलं, हातात फक्त गिटार, आणि म्हटलं गा. बाकी सगळा वाद्यमेळ काढून टाकला. १९९४ चा तो अल्बम ऐका, आजोबा शेजारी बसून गातायत असं वाटतं. पुढे अडेलच्या '२१' मधली काही गाणीही त्याचीच.

आणि हा माणूस सांगतो, मला वाद्य जेमतेम वाजवता येतं, मिक्सर चालवता येत नाही. लोक पैसे देतात ते माझ्या आवडीनिवडीवरच्या विश्वासाला. आपल्याकडे याला कानसेन म्हणतात. फक्त कानसेनाला कोणी पगार देतं, हे आपल्याला ठाऊक नव्हतं!

आता अडचण. रुबिन इथलाच. आमचा लेक एच-फोरवर, ग्रीन कार्डची रांग संपायचं नाव घेत नाही. एकविसाव्या वर्षी तो आमच्या व्हिसावरून उतरणार. स्टुडंट व्हिसावर परवानगीशिवाय खोलीतून धंदा करता येत नाही, आणि नंतर स्पॉन्सर करणारी नोकरी लागते. कानाला कोण स्पॉन्सर करणार? त्याचे बाबा म्हणतात, कॉम्प्युटर सायन्स घे, गाणी शनिवार-रविवारी कर. लेक म्हणतो, मग ऑडिओ इंजिनिअरिंग तरी घेऊ दे. माझं मत सध्या लेकाकडे झुकलंय, पण हे घरात अजून बोललेले नाही.

कोणाच्या मुलांनी व्हिसावर असताना ऑडिओ इंजिनिअरिंग केलं असेल, तर पुढे नोकरी कशी मिळाली ते जरूर सांगा. फॉर्म नोव्हेंबरात भरायचेत.