परतावा हवा, पिन नको

लग्नानंतर मी लखनौला आले. तेव्हापासून सुट्ट्या लागल्या की माहेरची मंडळी मुंबईहून पुष्पक एक्स्प्रेसने येतात. सगळे घरात मावत नाहीत, म्हणून मागच्या खेपेला वहिनीने हजरतगंजमध्ये खोली ऑनलाइन घेतली आणि नंतर रद्द केली. परतावा येईना, तेव्हा तिने इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ शोधून फोन लावला. पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला, "क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे लगेच जमा होतील."

वहिनीने आधी मला विचारलं, म्हणून वाचलो. यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही.

आता आमच्या घरचे नियम ठरलेत. मदतीचा नंबर बुकिंगच्या ॲपमधूनच घ्यायचा. रेल्वेचं तिकीट दुसऱ्या कुणी काढून दिलं, तर पीएनआर १३९ वर तपासायचा.

आणि पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० वर कळवा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत फिरते आणि अडवणं कठीण होतं. कंपनीच हक्काचा परतावा अडवत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ आहेच.