सुई कुणाच्या हातात आहे, ते आधी विचारा

लग्नसराई सुरू झाली की आमच्या गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहिरातींचा पाऊस पडतो. मंडप, केटरिंग, मेहंदी, ड्रोन शूटिंग. यंदा त्यात एक नवी जाहिरात फिरतेय. "नवरीच्या आईसाठी खास पॅकेज. बोटॉक्स आणि फेशियल एकत्र घेतल्यास सवलत." खाली पार्लरचं नाव, मोबाईल नंबर, गुगल पे चालेल. डॉक्टरचं नाव मात्र कुठेच नाही.

गावाचं नाव देत नाही. गाव लहान आहे आणि पुढे जिच्याबद्दल लिहिणार आहे ती बाई ओळखू येईल. तसंही हे एका गावापुरतं राहिलेलं नाही. तुमच्या तालुक्यातल्या स्टँडसमोरचे बोर्ड वाचून बघा.

आधीच एक सांगून टाकते. कुणी सुरकुत्या घालवाव्यात आणि कुणी ठेवाव्यात, हा या पोस्टचा विषय नाही. ज्यांना "या वयात कशाला हवंय हे" असं लिहायचंय त्यांनी ते मनातच ठेवावं. केसांना कलप लावून मिशा काळ्याभोर ठेवणाऱ्या पुरुषांना आपण कधी असं विचारत नाही. पैसा तिचा, चेहरा तिचा. मला विचारायचंय ते वेगळंच. हे इंजेक्शन देतंय कोण?

बोटॉक्स हे खरं तर एका कंपनीच्या औषधाचं नाव. आपण फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो तसंच हे सगळ्यांना चिकटलंय. आतला पदार्थ म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन, एका जिवाणूने तयार केलेलं विष. जर्मनीत दोनशे वर्षांपूर्वी खराब सॉसेज खाऊन माणसं मरायची. युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरने त्या विषबाधेचा बारकाईने अभ्यास केला. लॅटिनमध्ये सॉसेजला बोट्युलस म्हणतात, त्यावरून हे नाव आलं.

या विषाचं काम एकच. आपल्या मेंदूचा निरोप नसेतून स्नायूपर्यंत जातो आणि स्नायू आकसतो. हे विष तो निरोप शेवटच्या टोकाला अडवतं. स्नायू सैल पडतो. पोटात भरपूर गेलं तर श्वासाचे स्नायू सैल पडून माणूस जातो. अगदी थोडं, मोजून, नेमक्या स्नायूत दिलं तर तेच औषध होतं. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी ते तिरळेपणासाठी वापरलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पुढे कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुदर्स डोळ्यांच्या पेशंटना हे इंजेक्शन देत असताना भुवयांमधल्या आठ्या नाहीशा होतात हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांचे पती अ‍ॅलास्टेअर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून १९९२ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. आठ्यांसाठी अमेरिकेची अधिकृत मान्यता आली २००२ मध्ये.

आजही सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांचे ताठरलेले पाय सैल करायला, अर्धशिशीला, लकव्यानंतर आखडलेल्या हाताला हेच औषध देतात. म्हणजे औषध वाईट नाही. नीट दिलं तर चेहऱ्यावरही चांगलं काम करतं. तीन-चार महिन्यांनी असर उतरतो आणि आठ्या परत येतात. हवं तर पुन्हा घ्यायचं, नको तर सोडून द्यायचं.

आता त्या बाईंबद्दल. त्यांना आपण ताई म्हणू. वय सेहेचाळीस. एका पतसंस्थेत काउंटरवर बसतात. दिवसभर लोक समोर येणार आणि दहातले चार म्हणणार, "मॅडम, थकल्यासारख्या दिसता. चिडलाय का?" ताई चिडलेल्या नसायच्या. भुवयांच्या मधे दोन उभ्या आठ्या पडल्या होत्या, एवढंच. मुलीचं लग्न ठरलं, फोटोवाल्याने चाचणी म्हणून काढलेला व्हिडिओ दाखवला आणि त्यात ताईंना स्वतःचा चेहरा ओळखीचा वाटेना. पार्लर नेहमीचंच. तिथल्या बाईने पुण्यात दोन दिवसांचा कोर्स केल्याचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलेलं. साडेतीन हजारांत कपाळ, भुवयांचा मध्य, डोळ्यांच्या कडा आणि वर फेशियल. घरी कुणाला सांगितलं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी उजवी पापणी अर्धी खाली आली. वर उचलेना.

घरात एकच शब्द ऐकू आला, लकवा. दिराने गाडी काढली. एका गावी लकव्याचं औषध मिळतं म्हणून आधी तिकडे नेलं, मग जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या डॉक्टरांकडे. त्यांनी तपासलं, साखर-बीपी बघितलं, डोक्याचा सीटी स्कॅन लिहून दिला. ताई गप्प. सासूबाई शेजारी बसलेल्या, नवरा शेजारी उभा. नवरा पैसे भरायला बाहेर गेला आणि सासूबाईंना डुलकी लागली, तेव्हा ताईंनी डॉक्टरांना हळूच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, हे अगोदर सांगायचं होतं ना." स्कॅन रद्द झाला. पापणी काही आठवड्यांनी आपोआप वर येईल, असं सांगून त्यांनी घरी पाठवलं. आली. पण लग्न त्याआधी होऊन गेलं. अल्बममध्ये ताई एक तर मान वळवून उभ्या आहेत, नाहीतर गॉगल लावून. पाहुण्यांना सांगितलं, डोळे आलेत.

हे ताईंनी मला सांगितलं ते नाव न छापण्याच्या अटीवर. त्यांच्या परवानगीनेच लिहितेय.

मी नंतर दोन त्वचारोगतज्ज्ञांशी बोलले. पापणी पडणं हा या इंजेक्शनचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे, चांगल्या डॉक्टरच्या हातूनही कधीतरी होतो. औषध कपाळातून सरकून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचलं की होतो. म्हणून तर इंजेक्शननंतर ती जागा चोळू नका असं सांगतात. आणि ताईंच्या पॅकेजमध्ये काय होतं? इंजेक्शन झाल्यावर फेशियल. म्हणजे पाऊण तास कपाळाला मसाज! पापणी मसाजमुळेच पडली असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही. पण जिला चोळू नये एवढंही माहीत नाही तिच्या हातात सुई आहे, हे मात्र छातीठोक सांगता येतं.

आता हिशोब बघा. अमेरिकेत मान्य असलेल्या मात्रेप्रमाणे भुवयांच्या मधे २० युनिट, कपाळाला २०, दोन्ही डोळ्यांच्या कडांना मिळून २४. एकूण ६४. डॉक्टर चेहरा बघून कमी-जास्त करतात, पण अंदाज यावरून येतो. बाटली असते १०० युनिटची, म्हणजे दोन बायकांनाही पुरती पुरत नाही. पार्लरवाल्या बाई ताईंना कौतुकाने सांगत होत्या, "एका बाटलीत माझ्या सात-आठ जणी होतात." मग एक तर त्यात सलाईन ओतून पाणी केलेलं असणार, नाहीतर ती बाटलीच खरी नसणार. शिवाय हे औषध दोन ते आठ अंश तापमानात ठेवावं लागतं आणि सलाईनमध्ये मिसळल्यावर २४ तासांत वापरा, असं कंपनीच्या माहितीपत्रकात आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात लाईट किती वेळ असते ते तुम्हाला ठाऊक आहे. पार्लरच्या फ्रीजमध्ये ती बाटली दही आणि कोल्ड्रिंकच्या शेजारी होती, हे ताईंनी डोळ्यांनी पाहिलं.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. २०२४ मध्ये अमेरिकेत ११ राज्यांतल्या २२ बायकांना अशी इंजेक्शनं घेतल्यावर त्रास झाला आणि त्यातल्या ११ जणींना दवाखान्यात भरती करावं लागलं. काही ठिकाणी औषध नकली निघालं, काही ठिकाणी देणाऱ्याकडे परवानाच नव्हता. जागा होती कुणाचं घर, कुठे स्पा. तिथल्या आरोग्य यंत्रणेने देशभर इशारा दिला.

बोटॉक्सच्याच बोर्डावर खाली "फिलर" असं लिहिलेलं असतं. ते आणखी धोक्याचं. बोटॉक्स स्नायू सैल करतं, फिलर म्हणजे जेल भरून खळगा वर आणणं. हे जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं तर रक्तपुरवठा बंद होऊन कातडी मरते. डोळ्याच्या रक्तवाहिनीपर्यंत गेलं तर दृष्टी जाऊ शकते. नेहमी वापरतात ते हायल्युरोनिक अ‍ॅसिडचं जेल विरघळवणारं औषध आहे, हायल्युरोनिडेज. पण ते त्याच खोलीत हवं आणि ते कसं वापरायचं हे कळणारा माणूस हवा. पापणी महिन्या-दोन महिन्यांत वर येते, गेलेली नजर बहुतेक वेळा परत येत नाही.

मग कायदा काय करतो? कायदा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यातलं कलम ३४ सांगतं की नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. याच आयोगाने २०२२ मध्ये सौंदर्यशस्त्रक्रिया आणि केसरोपणाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात स्पष्ट म्हटलंय की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून शिकणं हे अशा उपचारांसाठी पुरेसं प्रशिक्षण नाही. दोन दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट भिंतीवर लावणाऱ्यांनी हे वाक्य त्याच्या शेजारी फ्रेम करून लावावं.

कागदावर सगळं ठीक. मी विचारत फिरले तेव्हा काय झालं ते सांगते. एका कार्यालयात म्हणाले, पार्लरकडे गुमास्ता आहे, आमचा संबंध नाही. दुसऱ्या कार्यालयात म्हणाले, तिथे पेशंट भरती करत नाहीत, मग ते रुग्णालय कसं? तिसरीकडे म्हणाले, औषध नकली असल्याचा पुरावा आणा. चौथीकडे साहेब हसले आणि म्हणाले, "मॅडम, तक्रारदार कोण?"

इथे मात्र त्या साहेबांचं बरोबर होतं. तक्रारदार कुठे आहे? जिल्ह्यात बोगस डॉक्टर शोधायला समिती असते. ती शोधते ते वाड्यावस्त्यांवर सलाईन लावणाऱ्यांना, कारण त्यांच्या हातून कुणी दगावलं की गाव जमा होतं. पार्लरमध्ये पापणी पडली तर गाव जमा होत नाही, गाव हसतं. ताईंना पोलीस स्टेशनची भीती वाटत नव्हती. पतसंस्थेतले लोक काय म्हणतील, विहीणबाई काय म्हणतील, नवरा आयुष्यभर कसे टोमणे मारेल, याची वाटत होती. ज्या बाईने दागिन्यात फसवणूक झाली असती तर सोनाराच्या दुकानासमोर ठिय्या मांडला असता, ती इथे गॉगल लावून गप्प बसली. साडेतीन हजारही गेले, बोलायची सोयही गेली.

हा धंदा या गप्प बसण्यावर चालतो. सातव्या-आठव्या बाईला आधीच्या सहा जणींचं काय झालं ते कळतच नाही. आपण चहाच्या टपरीवर, किटी पार्टीत, ग्रुपवर जेवढी चेष्टा करू तेवढी त्या पार्लरवाल्यांची सोय होते. म्हणून सुरुवातीला म्हटलं की ते वाक्य मनातच ठेवा.

कुणाला हे इंजेक्शन घ्यायचं असेल तर घ्या. पण काही गोष्टी तोंड उघडून विचारा. सुई टोचणारा डॉक्टर आहे का, कुठल्या विषयातला? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाईटवर नाव आणि नोंदणी बघता येते, दोन मिनिटं लागतात. बाटली तुमच्यासमोर फोडायला सांगा, नाव आणि एक्स्पायरी तारखेचा फोटो काढा. किती युनिट दिले ते लिहून मागा. पोटुशी असाल, बाळ अंगावर पीत असेल, स्नायूंचा काही आजार असेल तर आधी सांगा. समोरच्याने हे स्वतःहून विचारलं नाही, तर तिथून उठा. बिल घ्या. बिल नसेल तरी ऑनलाईन पैसे दिल्याची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची जाहिरात पुसू नका, ग्राहक आयोगापुढे हाच पुरावा होतो.

आणि इंजेक्शननंतर बोलताना, गिळताना त्रास व्हायला लागला, दोन-दोन दिसायला लागलं, श्वास लागला, तर कोण काय म्हणेल याचा विचार न करता दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: मी अमुक दिवशी चेहऱ्यावर इंजेक्शन घेतलंय.

तालुका आरोग्य अधिकारी, औषध निरीक्षक आणि पोलीस या तिघांनी एकाच दिवशी, एकाच गाडीतून जाऊन गावातली अशी दहा पार्लरं तपासावीत, अशी लेखी मागणी मी सोमवारी देतेय. सही माझी आहे, तक्रारदाराच्या रकान्यात नावही माझंच आहे. पापणी माझी पडलेली नाही, पण ज्यांची पडलीय त्या सही करणार नाहीत, हे त्या कार्यालयांनाही माहीत आहे. अर्जाची पोच मिळाली की इथेच टाकते. तुमच्या तालुक्यात कुणी असा अर्ज देणार असेल तर मसुदा मागा, लगेच पाठवते.