फॉर्मेट मारायच्या आधी

आमच्या प्रतापनगरच्या घरातला कॉम्प्युटर पप्पांनी दुकानातून असेंबल करून घेतलेला. गेल्या मे महिन्यात तो अचानक निळा पडायला लागला. आधी आठवड्यातून एकदा, मग दिवसातून तीन-तीनदा. स्क्रीनवर तो रडका चेहरा यायचा, खाली इंग्रजीत दोन-चार ओळी, आणि त्या वाचून होईपर्यंत मशीन आपोआप रीस्टार्ट! पप्पांचं निदान ठरलेलं, "उन्हामुळे होतंय गं." बडोद्यात मे महिन्यात कुठल्याही बिघाडाला हे कारण चालून जातं.

शेवटी जवळच्या दुकानात विचारलं. तिथला दादा पडद्याकडे न बघताच म्हणाला, "बेन, फॉर्मेट मारी दईए. डी ड्राइव्हनुं कशुं नहीं जाय."

पप्पा तयार होते. मी नव्हते. कारण डी ड्राइव्हमध्ये आजोबांचं फोल्डर होतं. आजोबा रेल्वेत होते, इथल्या डिव्हिजनल ऑफिसात. रिटायर झाल्यावर ते याच कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला शिकले, एका बोटाने. वसईतलं लहानपण, उपवासकाळात म्हटली जाणारी गाणी, डभोईकडे जाणारी नॅरोगेज गाडी, जे आठवेल ते लिहायचे. ते जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून ते फोल्डर पप्पांनी उघडलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर साहित्याची विद्यार्थिनी म्हणवणाऱ्या मीसुद्धा नाही.

म्हणून म्हटलं, आधी तो पडदा काय म्हणतोय ते तरी वाचू. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' असतं, तिथली 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढून टाकली. आता पडदा थांबून राहायला लागला. शेजारी वही ठेवली आणि दर वेळी खाली दिलेलं नाव लिहून घेतलं. सोमवारी 'मेमरी मॅनेजमेंट'. मंगळवारी 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया'. बुधवारी 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. एकही धड कळलं नाही, पण वाचत गेले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. एकच नाव पुन्हा पुन्हा आलं तर बहुधा एखाद्या ड्रायव्हरचा किंवा प्रोग्रामचा दोष असतो. दर वेळी नाव बदलत असेल तर आधी रॅमवर संशय घ्यायचा.

यातलं मधलं नाव मी आधी पाहिलं होतं. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे 85 लाख मशीन्स बंद पडली आणि आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले, तेव्हाच्या फोटोंत हेच नाव होतं. तिथे दोष सॉफ्टवेअरचा होता, आमच्याकडे वेगळाच निघाला. म्हणजे नुसत्या नावावरून निकाल लावता येत नाही.

आणखी एक समजलं. निळा पडदा म्हणजे मूळ बिघाड नव्हेच. मेमरीत जे आहे त्यावर विश्वास ठेवता येत नाही असं सिस्टिमला कळतं, तेव्हा डिस्कवर चुकीचं काही लिहिलं जाऊ नये म्हणून ती स्वतःच काम थांबवते. त्यामुळे रॅम खराब असताना घाईघाईने फायली कॉपी करणंही धोक्याचं, कॉपीच बिघडू शकते. मी पेनड्राइव्ह लावलेला होता तो काढून घेतला.

विंडोजमध्येच मेमरी तपासायची सोय असते. ती लावली, मशीन रीस्टार्ट झालं आणि जेवण होईपर्यंत उत्तर आलं, हार्डवेअरमध्ये दोष आहे. मग स्विच बंद करून वायर काढली, कॅबिनेट उघडलं. धूळ म्हणजे केवढी! चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या (हा उपाय हसण्यावारी नेऊ नका, बऱ्याचदा एवढ्यानेच भागतं). आमचं भागलं नाही. मग एकेक पट्टी लावून तपासलं. पहिली पास. दुसरी नापास. दुसरी पहिलीच्या खाचेत लावली, तरी नापास. म्हणजे खाच ठीक, पट्टीच गेलेली.

चांगल्या पट्टीवर कॉम्प्युटर चालू करून आजोबांचं फोल्डर माझ्या लॅपटॉपवर घेतलं. पहिली फाइल उघडली, तर सगळी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला. पप्पा मागेच उभे होते. "गेलं ना सगळं?" एवढंच म्हणाले.

गेलं नव्हतं. आजोबांचा फॉन्ट युनिकोडच्या आधीचा. अशा फॉन्टमध्ये फाइलीत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, त्यांच्या जागी मराठी आकार दाखवायचं काम फॉन्ट करतो. आणि फॉन्टची फाइल डी ड्राइव्हमध्ये नसते, ती सीमध्ये विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात असते. म्हणजे दुकानातला दादा खोटं बोलत नव्हता, डीमधलं काहीच गेलं नसतं. फक्त नेमका तोच फॉन्ट पुन्हा मिळेपर्यंत आम्हाला एक ओळ वाचता आली नसती.

फॉन्ट कॉपी करून लॅपटॉपवर टाकला, फाइल पुन्हा उघडली. डभोईच्या गाडीची हकिगत होती. पप्पांनी चष्मा लावला, खुर्ची ओढली.

"साल चुकलंय त्यांचं," म्हणाले. "तेव्हा मी तिसरीत होतो." आणि मला न विचारता पुढचं पान खाली सरकवलं.