केरिलोस : एका विद्याव्यासंगाचे घर

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, नीस आणि मोनॅको यांच्यामध्ये, बोल्यो-स्यूर-मेर नावाचे टुमदार गाव आहे. तेथे समुद्रात शिरलेल्या खडकावर ‘व्हिला केरिलोस’ ही शुभ्र वास्तू उभी आहे. थेओदोर रेनाक या ग्रीकविद्येच्या पंडिताने वास्तुशिल्पी एमान्युएल पोंत्रेमोली यांजकडून १९०२ ते १९०८ या काळात ती बांधवून घेतली. ‘केरिलोस’ हा ग्रीक पुराणकथेतील, खंड्याच्या जातीचा शुभसूचक पक्षी.

प्रवासात ही वास्तू पाहण्याचा योग आला, तेव्हा आम्ही जरा साशंक मनानेच आत शिरलो. धनवंतांनी केलेल्या जुन्याच्या नकला आपण पुष्कळ पाहतो. येथे मात्र उंबरठ्याशीच ‘आनंदी राहा’ असे ग्रीक अभिवादन रंगीत खड्यांच्या नक्षीत कोरलेले दिसले, आणि आमची शंका हळूहळू मावळू लागली.

डेलोस बेटावरील दोन सहस्रकांपूर्वीची घरे डोळ्यांपुढे ठेवून या घराची रचना केलेली आहे. मधोमध संगमरवरी स्तंभांनी वेढलेला चौक, सभोवती दालने. आपल्या जुन्या वाड्यांची आठवण व्हावी अशीच ही मांडणी. परंतु रेनाकांना अवशेषांत राहावयाचे नव्हते. विजेचे दिवे आहेत, पण घाट प्राचीन. नळाला पाणी आहे, पण स्नानगृह ग्रीक. पियानो मिटला की साधे लाकडी कपाटच वाटावे! डेल्फी येथे १८९३ साली शिळेवर सापडलेल्या अपोलोस्तोत्राची सुरावट उकलणारे हे गृहस्थ. त्यांच्या घरी संगीतास स्थान नसते तरच नवल.

रेनाक जन्माने ग्रीक नव्हते. ते फ्रेंच ज्यू होते. ग्रीक वारसा त्यांनी अभ्यासाने आपलासा केला. पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांना यात शिकण्याजोगे आहे. वारसा रक्तातून येतो असे आपण म्हणतो. पण त्यात रोजची ऊठबस नसेल, तर तो फडताळातच राहतो.

मात्र सौंदर्य माणसाला वाचवू शकत नाही, हेही याच घराने पाहिले. १९२८ साली रेनाक निवर्तले. वास्तू त्यांनी फ्रान्सच्या ‘अँस्तित्यू’ या विद्वत्संस्थेस दिली होती. पुढे महायुद्धात त्यांचे पुत्र लेओं, स्नुषा बेआत्रिस आणि नातवंडे फॅनी व बेर्त्रां या चौघांचा ऑश्विट्झच्या छळछावणीत अंत झाला. ज्या युरोपच्या विद्येवर या कुटुंबाने जीव ओवाळला, त्याच युरोपने त्यांना परके ठरविले.

उरलेले वंशज १९६७ पर्यंत तेथे राहत होते. आता ती वास्तू सर्वांस पाहावयास खुली आहे. तेथे जाणाऱ्याने स्तंभ अवश्य पाहावेत. पण ज्या मुलांची पावले त्या चौकात खेळली असतील, त्यांचेही क्षणभर स्मरण करावे, एवढीच आमची विनंती.