शब्दांमागचे मन

‘वा, फारच लवकर आलात!’ हे चार शब्द कोशात पाहिले, तर त्यांत कौतुकाखेरीज काही सापडणार नाही. तरीही तासभर उशिरा आलेला पाहुणा ते ऐकून ओशाळतो. बोलले एक आणि पोहोचले नेमके उलट, ही किमया आपण दिवसातून कितीदा तरी करतो. तिचे नवल मात्र आपल्याला वाटत नाही.

संस्कृत साहित्यशास्त्रकारांना ते वाटले होते. अर्थ पालटून टाकणाऱ्या आवाजाच्या हेलाला त्यांनी ‘काकु’ हे नाव दिले, आणि नवव्या शतकातील रुद्रटाने वक्रोक्तीचे श्लेष व काकु असे दोन प्रकार सांगितले. हा हेल ओळखण्याची शक्तीच हरपली तर काय होते, हे आम्ही आमच्या एका मामांच्या आजारपणात पाहिले.

मामा टोमण्यांसाठी गावभर प्रसिद्ध. काही वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. डावा हात आणि पाय लुळा पडला. वाचा शाबूत राहिली. पुढे मात्र विचित्र प्रकार घडू लागले. पावसात चिंब भिजून आलेला एक भाचा म्हणाला, ‘काय छान ऊन पडलंय!’ मामांनी गंभीरपणे खिडकीबाहेर पाहिले आणि ‘पाऊस पडतोय, तुला दिसत नाही का?’ असे विचारले. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले होते. त्यावरून कंटाळून मामी एकदा म्हणाल्या, ‘बसा, बसा! अजिबात हलू नका!’ मामा संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. ‘मुद्दाम करतात,’ असे नातलग म्हणू लागले.

मुद्दाम नव्हे. शरीराच्या डाव्या बाजूवर मेंदूच्या उजव्या भागाचा ताबा असतो. १८६१ साली पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी वाचेचे स्थान मेंदूच्या पुढील भागात दाखवून दिले. ते डाव्या बाजूला असते हेही लवकरच स्पष्ट झाले, आणि भाषा म्हणजे डावा मेंदू असा समज रूढ झाला. पुढे १९८१ साली अमेरिकेतील एलियट रॉस यांनी दाखवले, की उजव्या भागाला इजा झाली तर शब्द कळतात, पण आवाजातील भाव व्यक्त करणे किंवा ओळखणे काही रुग्णांना जमत नाही.

२००५ साली इस्राएलमधील हैफा येथील सिमोन शमाय-त्सूरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्याही पुढचा शोध प्रसिद्ध केला. कामावर येऊन नुसत्या बसून राहिलेल्या माणसाला साहेब ‘फार कष्ट करू नकोस’ असे म्हणतो, अशा छोट्या गोष्टी त्यांनी रुग्णांना ऐकवल्या. मेंदूच्या मागील भागाला इजा झालेल्यांना उपरोध बहुधा कळला. कपाळामागच्या भागाला, विशेषतः त्याच्या उजव्या बाजूला इजा झालेल्यांना तो कळेना. त्यांच्या मते डावा भाग शब्दांचा सरळ अर्थ लावतो, पुढचा व उजवा भाग प्रसंग आणि बोलणाऱ्याचा हेतू जोखतो, आणि डोळ्यांच्या वरच्या अंगाला असलेला एक भाग या दोहोंची सांगड घालतो. म्हणजे टोमणा समजण्यासाठी भाषा येऊन भागत नाही. दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे, याचा ठाव घ्यावा लागतो. मामांचे शब्द शाबूत होते. दुसऱ्याच्या मनात डोकावण्याची खिडकी तेवढी बंद झाली होती.

डॉक्टरांनी हे समजावून सांगितल्यावर मामींनी बोलण्याची रीतच बदलली. ‘अहो, उठा. अंगणापर्यंत चालून येऊ,’ असे त्या सरळ सांगतात, आणि मामा उठतात.

झटका येऊन गेलेल्या प्रत्येकाचे असेच होते असे नाही. परंतु आपल्या घरातील एखादे वडीलधारे माणूस आजारानंतर एकाएकी हटवादी वाटू लागले, तर ‘मुद्दाम करतात’ हा शब्द ओठांवर येण्यापूर्वी आपण त्यांच्याशी कसे बोललो, ते एकदा आठवून पाहावे. त्यांना कदाचित आपले शब्द तेवढे ऐकू आले असतील.