एक दिवस बिदरचा

ताजमहाल, कुतुबमिनार यांची चित्रे आपण पुस्तकात पाहतो आणि मोठेपणी ती ठिकाणे पाहायची असे मनाशी ठरवतो. पण आपल्या तालुक्याच्या शेजारीच एखादी मोठी ऐतिहासिक वास्तू असते आणि तिकडे मात्र आपले पाय वळत नाहीत. आमच्या देगलूरहून हाणेगावच्या बाजूने निघाले, की थोड्याच वेळात महाराष्ट्राची हद्द संपते व कर्नाटक राज्य सुरू होते. तेथून औरादमार्गे बिदर. सगळा रस्ता अडीच-तीन तासांचा. आमच्या आजोबांच्या काळी ही दोन्ही गावे निजामाच्या राज्यात होती. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा देगलूर मुंबई राज्यात आणि बिदर म्हैसूर राज्यात गेले.

गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी आम्ही चार शिक्षक मित्र बिदरला जायला निघालो. एक गणिताचे, एक चित्रकलेचे, एक इतिहासाचे आणि मी भाषेचा. खरे सांगायचे तर ही सहल गणिताच्या सरांसाठी होती. महिन्यापूर्वी कोणीतरी त्यांच्याविरुद्ध निनावी अर्ज केला होता. मुलांच्या फीचे पैसे त्यांनी स्वतःकडे ठेवले, असे त्यात लिहिले होते. चौकशी सुरू होती. वीस वर्षे इमानाने नोकरी केलेला हा माणूस तेव्हापासून कोणाशी धड बोलत नव्हता. "सर, एक दिवस बाहेर पडू. मन हलके होईल," असे म्हणून आम्ही त्यांना जवळजवळ ओढूनच जीपमध्ये बसवले.

सकाळची थंडी होती. दोन्ही बाजूंना तुरीची शेते होती. काही वेळाने पाट्यांवर कन्नड अक्षरे दिसू लागली. मला त्यातले एकही अक्षर वाचता येईना. बिदर जवळ आले तशी काळी जमीन मागे पडली आणि लाल माती दिसू लागली. बिदर शहर जांभ्या दगडाच्या पठारावर वसलेले आहे. किल्ल्याच्या तटालाही हा लाल दगड वापरला आहे.

गावात शिरल्यावर आम्ही सरळ महमूद गावानच्या मदरशाकडे गेलो. मुलांनो, 'दर्स' म्हणजे धडा, हे तुम्हांला ठाऊकच आहे. जेथे धडे दिले जातात तो मदरसा. ही तीन मजली इमारत 1472 साली पूर्ण झाली. मध्ये मोठे चौकोनी अंगण आणि चारी बाजूंना कमानी. विद्यार्थ्यांना राहण्यासाठी 36 खोल्या होत्या. शिक्षकांसाठी वेगळी दालने, मशीद आणि ग्रंथालयही होते. समोरच्या बाजूला दोन मिनार होते. त्यांपैकी एकच आज उभा आहे. इराण आणि मध्य आशियातील मदरशांच्या धर्तीवर ही इमारत बांधलेली आहे. भिंतीवर निळ्या, पांढऱ्या व पिवळ्या रंगांच्या चकचकीत फरशा बसवलेल्या होत्या. पुष्कळ गळून पडल्या आहेत. ज्या राहिल्या आहेत, त्यांचा रंग साडेपाचशे वर्षांनंतरही ताजा वाटतो.

चित्रकलेचे सर वही काढून खालीच बसले. फरशांवरील अक्षरांकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, "ही नक्षी कशी काढतात हो?" मी म्हणालो, "सर, ही अरबी अक्षरे आहेत. कुराणातील वचने आहेत." मग मी त्यांना अलिफ, लाम, मीम ही अक्षरे ओळखायला शिकवली. त्यांनी ती इतकी सुबक काढली, की तेथे उभी असलेली दोन कॉलेजची मुले पाहतच राहिली.

महमूद गावान हा मूळचा इराणमधील गीलान प्रांताचा. व्यापारी म्हणून तो दक्षिणेत आला आणि पुढे बहमनी राज्याचा वजीर झाला. त्याने जमिनीची मोजणी करवली. राज्याच्या चार मोठ्या प्रांतांचे आठ प्रांत केले, त्यामुळे बड्या सरदारांची सत्ता कमी झाली. त्याच्याच काळात, 1472 साली, गोवा बहमनी राज्यात आले. त्याची राहणी मात्र साधी होती. पत्रलेखन कसे करावे, यावर त्याने फारसी भाषेत ग्रंथ लिहिला. त्याच्या स्वतःच्या पत्रांचा संग्रहही प्रसिद्ध आहे.

इतिहासाचे सर सांगत होते आणि आम्ही एका कमानीच्या सावलीत बसून ऐकत होतो. फिरिश्ता या इतिहासकाराने पुढची हकिगत लिहून ठेवली आहे. सत्ता कमी झाल्यामुळे काही सरदार गावानवर चिडले होते. त्यांनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्या नोकराला फितवून एका कोऱ्या कागदावर शिक्का मारून घेतला. त्या कागदावर ओरिसाच्या राजाला पत्र लिहिले. 'तू चाल करून ये, मी तुला मदत करीन,' अशा अर्थाचे. ते पत्र त्यांनी तिसऱ्या महंमदशाहापुढे ठेवले. सुलतान त्या वेळी नशेत होता. त्याने वजिराला बोलावून पत्र दाखवले. शिक्का माझा आहे, पण पत्र माझे नाही, असे गावानने सांगितले. सुलतानाने पुढे काही ऐकले नाही. 5 एप्रिल 1481 रोजी त्या 78 वर्षांच्या वजिराला ठार करण्यात आले. ज्याने पत्रे कशी लिहावीत हे लोकांना शिकवले, त्याचाच एका खोट्या पत्राने बळी घेतला.

नंतर सुलतानाने त्याच्या संपत्तीचा शोध घेतला. खजिनदाराने सांगितले, की घरात फारसे काही नाही; तीन हजार ग्रंथ आहेत आणि ते विद्यार्थ्यांसाठी आहेत. सुलतानाला फार पश्चात्ताप झाला. पण पश्चात्तापाने गेलेला माणूस परत येत नाही. वर्षभरात सुलतानही वारला आणि पुढे त्या राज्याचे पाच तुकडे झाले. मदरशाचेही दिवस फिरले. मुघलांच्या काळात तेथे बंदुकीची दारू साठवली गेली. तिचा स्फोट झाला आणि इमारतीचा मोठा भाग ढासळला. ज्या खोल्यांत मुले धडे गिरवीत होती, तेथे दारूची पोती आली. दुसरे काय होणार?

गणिताचे सर इतका वेळ गप्प होते. ते हळूच म्हणाले, "त्या नोकराला एकदा समोर बोलावून विचारले असते, तर?" आम्हांला काय बोलावे ते सुचेना.

दुपारी एका झाडाखाली डबे उघडले. माझ्या डब्यात खिचडी-खट्टा होता. इतरांनी भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. सरांनी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवण केले. खट्टा तर त्यांनी दोनदा मागून घेतला.

नंतर आम्ही अष्टूरला गेलो. तेथे बहमनी सुलतानांचे भव्य घुमट ओळीने उभे आहेत. अहमदशाह वलीच्या मकबऱ्यात आतून सोनेरी व रंगीत नक्षी आहे. त्याच्या उरुसाला हिंदू व मुसलमान दोघेही येतात. तेथून आम्ही गोर्नळीला महमूद गावानच्या कबरीपाशी आलो. घुमट नाही, नक्षी नाही. उघड्या आकाशाखाली साधी कबर. मी फातिहा पढलो. माझे तिन्ही मित्र पादत्राणे काढून, मान खाली घालून उभे राहिले. फातिहा संपल्यावरही गणिताचे सर बराच वेळ तेथून हलले नाहीत.

निघताना त्यांनी इतिहासाच्या सरांना विचारले, "आज सुलतानांपेक्षा या वजिराचे नाव जास्त लोकांना माहीत आहे, नाही का?"

"आहे ना," इतिहासाचे सर म्हणाले. "खोटे पत्र लिहिणारांची नावे कोण घेतो?"

परतीच्या वाटेवर गणिताचे सर पुष्कळ बोलले. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी फीच्या पावत्यांची सगळी जुनी पुस्तके काढली, तारखेप्रमाणे लावली आणि चौकशी अधिकाऱ्यांपुढे ठेवली. अधिकाऱ्यांनी घाई केली नाही. त्यांनी एकेक पावती तपासली, पालकांना बोलावून विचारले, सरांचे म्हणणेही शांतपणे ऐकून घेतले. हिशेब पैशापैशाला जुळला. अर्ज खोटा ठरला.

मुलांनो, आज कागदालाही शिक्का लागत नाही. मोबाईलवर कोणाविषयी काहीही लिहून क्षणात शेकडो लोकांना पाठवता येते. वाचणारा विचारतही नाही, की हे कोणी लिहिले आणि खरे कशावरून. अशा वेळी बिदरच्या त्या कोऱ्या कागदाची आठवण ठेवावी.

आमच्या गणिताच्या सरांच्या वर्गात आता एक रीत आहे. कोणी कोणाची चहाडी घेऊन आला, की सर दोघांनाही समोरासमोर उभे करतात आणि ज्याच्यावर आळ आहे त्याला म्हणतात, "आधी तू बोल."